उत्तरेच्या चौथऱ्यावरचा पंप

जो पाण्यात ओलावा आणि अग्नीत ऊब होऊन नांदतो, त्या निराकार जगन्नियंत्याला आधी दंडवत. मला हात नाहीत. माझी घरघर हाच माझा नमस्कार.

मी एक पंप बोलतोय. कारेगावजवळच्या दुधाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात बॉयलरला पाणी पाजणे, ही माझी सेवा. माझा आणि माझ्या भावाचा जन्म एकाच ओतशाळेतला. आम्ही एकाच ट्रकमधून आलो आणि काँक्रीटच्या दोन चौथऱ्यांवर बसलो. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. एक आठवडा त्याचा, एक माझा. कालपर्यंत मी उत्तरेला होतो. आरंभीही मीच तिथे होतो का, हे मात्र मला निश्चित सांगता येत नाही.

आमची काळजी वाहिली ती वरवंडच्या बन्सीमामांनी. ते आमचे फिटर. स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला आणि मूठ कानाला लावून ते माझे दुखणे ऐकत. दर खंडेनवमीला आम्हाला धुऊन, रंगवून, नंबराच्या पाटीवर हळदकुंकू वाहत. ‘पाटी म्हंजी पंपाचं कपाळ,’ असे म्हणत. रंगावर कुंकू आणि कुंकवावर रंग, असे पंधरा वर्षे चालले.

मग राहू गावची रुपाली नावाची नवी इंजिनीअर आली. सगळी यंत्रे संगणकात नोंदवायचे काम तिच्याकडे होते. ती पोटविभागांची यादी मोठ्याने वाचू लागली, “कारखान्याच्या खाली बॉयलर-घर. त्याच्या खाली हा पंप. पंपाच्या खाली मोटर, कपलिंग, बेअरिंग.”

मी गोंधळलो. जिच्या बळावर मी फिरतो, ती मोटर माझे लेकरू कशी? माझा पंखा तीनदा बदलला, दांडा एकदा. मग नोंदवलेला ‘मी’ नेमका कोणता?

बन्सीमामा हसले. “मॅडम, पंपाची वंशावळ लिहिताय व्हय? उद्या वाटणी मागंल त्यो!”

“हसू नका मामा. दोघांतला एक भंगारात काढायचाय. ज्याची दुरुस्ती जास्त, तो. वरून मेल आलाय.”

मामांचे हसू मावळले. त्यांनी आपली तेलकट वही पुढे केली. तीत लिहिले होते, ‘उत्तरेचा पंप, बेअरिंग बदलले.’ अशा नऊ नोंदी. दक्षिणेच्या नावावर एकही नव्हती. रुपालीने नऊच्या नऊ माझ्या नावावर चढवल्या आणि माझ्या अंगावर खडूने फुली मारली.

नऊ? मला तर इतकी आजारपणे आठवत नव्हती. पण लिहिलेले खोटे कसे म्हणावे? मी स्वतःलाच दोष देऊ लागलो.

“थांबा,” मामा अचानक म्हणाले. “ह्यांची अदलाबदल झालीया. दोघं एकदम सफाईला खोलले, जो आधी तयार झाला त्यो आधी बसवला. दोनदा झालंय तसं.”

“मग कुठला कुठं होता?”

“ते वहीत न्हाई. वहीत नुसती जागा हाय.”

“गेटपासवर नंबर असतो मामा! वर्कशॉपवाले पंप खोलून आतला नंबर त्यावर लिहितात. प्रत्येक दुरुस्तीला पंप बाहेर गेलाय ना? फक्त ह्या पाट्या वाचायला हव्यात. खरवडू?”

“खरवडायचं न्हाई! पंधरा खंडेनवम्या हायत त्या.”

“नंबर मिळाल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही.”

“त्याला म्हणावं, देवाचं नाव घे तवर.”

शेवटी थिनरमध्ये फडके भिजवून मामांनी माझ्या पाटीला हात जोडले आणि थरामागून थर हळूहळू पुसून काढला. भावाची पाटीही तशीच पुसली. निघालेले कुंकू त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवले.

नंबर दिसले. रुपालीने वहीतल्या तारखांशी गेटपास जुळवले. पाच दुरुस्त्या माझ्या, चार भावाच्या.

“मामा, हे बघा. हा आजारी पडला तो उत्तरेला असताना. तोही उत्तरेला असताना. दक्षिणेला दोघंही ठणठणीत!”

तिने उत्तरेच्या चौथऱ्यावर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा सरळ कडेला जाऊन बसला. चौथरा एका अंगाने खचला होता, म्हणून त्यावर बसणाऱ्याची बेअरिंगे झिजत होती.

मामांनी कपाळाला हात लावला. “आन् मी येडा बेअरिंगच बदलून आणत बसलो! पोरी, बिचाऱ्याला उगाच फाशी देत हुतो की.”

रुपालीने फुली पुसली आणि नऊ दुरुस्त्यांचा दोष चौथऱ्याच्या नावे लिहिला. भंगाराचा प्रस्ताव तिने मागे घेतला.

आज चौथरा फोडला जात आहे. मी लाकडी फळीवर पडून आहे. संगणकात माझ्यापुढचा जागेचा रकाना रिकामा आहे. माझा नंबर कळला, तरी मी कोण हे मला अजून उमगलेले नाही. ते त्या जगन्नियंत्यालाच ठाऊक. सज्जनहो, एवढीच विनवणी: कोणी वारंवार मोडून पडत असेल, तर त्याच्यावर फुली मारण्याआधी तो कुठे बसवला आहे, ते एकदा पाहा.

हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला पायाखाली समतल भूमी लाभो. घराघरात पाणी वाहते राहो, चूल पेटती राहो, आणि थकल्याभागल्याचे दुखणे कान देऊन ऐकणारे कोणी ना कोणी त्या घरी असो.