करून पाहिलं

समजा, तुमच्यासमोर एक काळा पडदा आहे. त्यावर चित्र नाही, बटण नाही, फक्त एक छोटी पांढरी रेघ लुकलुकते आहे. तिथे तुम्ही शब्द टाइप करायचा आणि यंत्राने तो निमूटपणे पाळायचा. तो शब्द म्हणजे कमांड. आता असंही समजा, की कोणता शब्द कधी टाइप करायचा हे तुम्हाला ठाऊक नाही. मग तुम्ही काय कराल? कोणीतरी लिहून ठेवलेलं माहितीचं पान उघडाल आणि त्यावर लिहिलंय तसंच, त्याच क्रमाने करत जाल. पान लिहिणाऱ्यावर तुमचा पुरता भरवसा असेल. असायलाच हवा, नाही का?

अशी पानं लिहिणारी एक बाई होती आणि तिला दहा वर्षांची एक मुलगी होती. मुलीच्या पुढच्या दोन दातांमुळे ऑफिसात सगळे तिला खार म्हणत.

बाईच्या ऑफिसात 'कोठार' नावाचं एक अवजार बनत असे. यंत्रात नवं सॉफ्टवेअर आणायचं, जुनं बदलायचं, नको ते काढून टाकायचं, हे सगळं कोठारला सांगायचं. प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजात बांधलेलं असे आणि कोठार ती पॅकेजं उचलून ठेवी किंवा फेकून देई. 'कोठार यादी' लिहिलं की काय काय आहे ते दिसे. 'कोठार नवे' लिहिलं की ताजी पॅकेजं येत. 'कोठार राखा' लिहून पुढे पॅकेजाचं नाव दिलं की त्याला कोणी हात लावत नसे. आणि 'कोठार साफ' लिहिलं की राखायला न सांगितलेलं सगळं जाई. म्हणजे आधी राखा, मग साफ. हे उलटं झालं तर काय होईल, ते तुम्हीच ताडा.

आईची एक पद्धत होती. पान लिहून झालं की ती ते खारीला द्यायची. "तुला काही येत नाही, म्हणूनच तू माझी सगळ्यात चांगली तपासनीस," असं म्हणायची. शाळा सुटली की खार ऑफिसात यायची. कोपऱ्यातलं एक जुनं यंत्र फक्त तिच्यासाठी ठेवलेलं होतं. तिथे बसून ती पानावरची एकेक पायरी टाइप करायची. शेजारी एक वही असे. तिच्यात पानाचं नाव, तारीख आणि शेवटचा रकाना, 'करून पाहिलं'. तिथे खारीने खूण केली, की पान बाहेर जाई.

अवजार लिहिणारा पोरगेलासा प्रोग्रामर तिथेच शेजारी बसे. त्याच्या चष्म्याच्या काचा बशीएवढ्या, म्हणून तो ढापण्या. त्यानेच खारीला शिकवलं होतं, की वर जाणारा बाण दाबला की आपण आधी टाइप केलेल्या कमांडी एकेक करून परत दिसतात, अगदी महिन्यापूर्वीच्यासुद्धा.

"यंत्र काही विसरत नाही, खारूताई," तो म्हणाला होता.

"आणि तू, दादा?"

"मी डबा विसरतो. रोज."

या सगळ्यांवर एक साहेब होते. त्यांना सगळे कात्री म्हणत, अर्थात पाठीमागे. कोणाचंही लिखाण हाती आलं की ते त्यातलं अर्धं कापत. "लोकांना वाचायला वेळ नाही, बाई. चार पायऱ्या, चार ओळी. आज दुपारपर्यंत." आईने दोन पानांचं एक पान केलं, एकाचं अर्धं केलं. ओळी इकडून तिकडे हलवताना तिसरी चौथी झाली आणि चौथी तिसरी. साफ वर गेलं, राखा खाली.

ते पान खारीकडे आलं त्या दिवशी जिन्याखाली मांजरीला पिल्लं झाली होती. चार पिल्लं, एक पार काळं. खारीने पहिली पायरी केली, दुसरी केली, आणि तिचा पाय काही खुर्चीखाली टिकेना. उरलेल्या दोन ओळींवर तिने नुसती नजर फिरवली. वहीत खूण केली आणि जिना उतरली.

तीन आठवड्यांनी, खारीकडे पुढचं पान येण्याआधीच, पत्र आलं.

कात्रींनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे खारही होती. ते पत्र त्यांनी स्वतः वाचलं नाही. ते आईच्या हातात दिलं. "वाचा, बाई. मोठ्याने. लिहिण्यात हुशार आहात, वाचूनही दाखवा."

पत्र अंध मुलांच्या शाळेतल्या शिक्षकाचं होतं. तो स्वतःही अंध होता. त्याच्या यंत्रात एक सॉफ्टवेअर होतं, पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं. आईचं पानही त्याला तेच वाचून दाखवत होतं. तिसऱ्या पायरीला त्याने 'साफ' लिहिलं. पानावर म्हटलं होतं, यंत्राने विचारलं तर 'हो' म्हणा. त्याने हो म्हटलं. यंत्र बोलायचं थांबलं.

"'चौथी पायरी काय होती, ते मला आजवर कळलेलं नाही,'" आई वाचत होती. "'ती वाचणारा आवाजच गेला होता. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, प्रश्न तोच आवाज वाचून दाखवणार होता. नऊ मुलं यंत्रासमोर तीन तास बसून राहिली. त्यांना वाटत होतं, प्रश्न आता सुरू होईल.'"

"'तीन तास' पुन्हा वाचा," कात्री म्हणाले.

आईने पुन्हा वाचलं.

"एकदा अजून. मागच्यांना ऐकू आलं नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. आईचे कान लालभडक झाले होते. "साहेब, पान तपासलं होतं," ती म्हणाली. "वहीत नोंद आहे."

"कोणी तपासलं?" कात्रींना ठाऊक होतं. त्यांनी मान वळवली. "अच्छा, या बाईसाहेबांनी! ये गं, ये. लाजतेस काय? तुझं ते यंत्र इकडे आणलंय बघ. तेच पान, त्याच पायऱ्या. कर पाहू."

"काका, मी..."

"काका घरी. इथे साहेब."

यंत्राचा पडदा समोरच्या भिंतीवर मोठा होऊन दिसत होता. खारीने यादी लिहिलं. मग नवे. मग तिची बोटं थांबली.

"पुढे?"

तिने साफ लिहिलं. यंत्राने विचारलं, एकशे अठरा पॅकेजं काढू का? पानावर लिहिलं होतं, हो म्हणा. ती हो म्हणाली. भिंतीवरून नावं सरसर वर गेली आणि संपली.

"वा," कात्री म्हणाले. ते खारीशेजारी वाकले. "आता सांग. त्या दिवशीसुद्धा असंच झालं होतं ना? मग आईला का नाही सांगितलंस? की केलंच नव्हतंस? नीट विचार करून बोल. तू केलं नसशील, तर तुझ्या आईने एका पोरीच्या खोट्या खुणेवर पान बाहेर पाठवलं. मग आई उद्यापासून घरी. कळलं?"

खारीने आईकडे पाहिलं. आई हातातल्या पत्राची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

"त्या दिवशी असं झालं नव्हतं," खार म्हणाली. "साफ केलं तरी काहीच गेलं नव्हतं."

कात्री हळूहळू सरळ झाले. त्यांची नजर खारीवरून उचलली गेली आणि ढापण्यावर जाऊन बसली.

"म्हणजे 'साफ' मधल्या काळात बदललं. मागच्या आठवड्यात सगळीकडे नवं कोठार कोणी टाकलं?"

"मीच, साहेब. पण 'साफ'ला मी हातही लावला नाही. नोंदी काढून बघा, तारखांसकट..."

"नोंदी कोण लिहितं?"

"मी."

"झालं तर मग. चोराच्याच हातात वही." कात्रींनी हात झटकले. "आवर तुझं टेबल. तो चष्माही पुसून घे जरा. इतकी वर्षं काचांतून काही दिसलं नाही, बाहेर पडल्यावर दिसेल कदाचित."

या वेळी बरेच जण हसले. आपल्यावर आलं नाही म्हणून हसणारी माणसं फार मोठ्याने हसतात.

ढापण्या खारीकडे बघत राहिला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो बुचकळ्यात पडला होता. "खारूताई," तो म्हणाला, "खरंच काही गेलं नव्हतं? मग माझंच कुठेतरी चुकलं असेल." आणि तो डोकं खाजवत बाहेर गेला.

सगळे त्याच्या पाठीकडे बघत असताना आई यंत्रापाशी आली. भिंतीवरचा पडदा तिने बंद केला. मग तिने वर जाणारा बाण दाबला. खारीने तिचं बोट पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा दाबून आई थांबली. छोट्या पडद्यावर काय आहे ते तिने वाचलं. मग तिने खाली जाणारा बाण चार वेळा दाबला आणि पडदा पुन्हा होता तसा झाला.

बाहेरच्या बोळात आईने खारीचा हात धरला. "तू काही पाहिलं नाहीस, मी काही पाहिलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. खारीच्या कपाळावरचे केस तिने नीट मागे सारले. "शहाणी माझी बाय. आज तू आईला वाचवलंस."

इतक्या मायेने आई कित्येक दिवसांत बोलली नव्हती. खारीने मात्र मान वळवली.

काचेपलीकडे ढापण्या एका खोक्यात वस्तू भरत होता. एक मग, दोन पुस्तकं. टेबलाखालून त्याने डबा काढला, कालचा, विसरलेला. तो हलवून पाहिला, आत काहीतरी खुळखुळलं, आणि त्याने तो सगळ्यांत वर ठेवला.

"आई, दादा जातोय."

"जाऊ दे. त्याला दुसरीकडे काम मिळेल. मला नाही मिळणार. चल."

"आई."

"चल म्हटलं ना."

खारीने हात सोडवून घेतला. आईची नखं मनगटावर ओरखडली, तरी सोडवून घेतला. ती मोठ्या खोलीत परत गेली. कात्री मागच्या रांगेतल्या लोकांना काहीतरी गमतीचं सांगत होते. ती खुर्चीवर चढली, भिंतीवरचा पडदा तिने चालू केला. दारात आई उभी होती आणि मान हलवून नको, नको म्हणत होती.

खारीने बाण दाबला. भिंतीवर अक्षरं उमटली, साफ. दुसऱ्यांदा, नवे. तिसऱ्यांदा, यादी.

"ही आजची," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला परत म्हणावं लागलं, "ही आजची झाली. आता त्या दिवशीची, शेवटची."

आणि तिने चौथ्यांदा बाण दाबला.