नुसती ‘तपासणी फसली’ म्हणणारा मॅक्रो

कळंबच्या निवृत्त कर्मचारी संघटनेसाठी केतकीनं हौसेनं एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. त्याचे फॉर्म तो भरून द्यायचा. साठ जणांचे सुरळीत झाले. एकसष्टावा तिच्या बाबांचा, सदाशिवरावांचा, आणि नेमका तिथंच प्रोग्रॅम फतकल मारून बसला. पडद्यावर एकच ओळ: ‘तपासणी फसली.’

सदाशिवरावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तहसील कार्यालयात बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज ‘त्रुटी आहे’ एवढाच शेरा मारून परत पाठवणारा हा गृहस्थ. कोणती त्रुटी, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

“काय फसलं, कायले फसलं, काही लिवलं हाय का?” ते म्हणाले. “तुहा प्रोग्रॅम त माह्याहून पक्का बाबू निघाला.”

हे केतकीच्या वर्मी लागलं. प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला होता, तिच्या प्रमाणित लायब्ररीत, म्हणजे जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात त्या आयत्या साठ्यात, एक मॅक्रो होता, म्हणजे नाव घेतलं की काम करणारा तयार तुकडा. ‘या दोन गोष्टी सारख्या असायला हव्यात, नसल्या तर थांब’ असं बजावायला प्रोग्रॅमर तो वापरत. तो इमानदारीनं थांबायचा, पण कोणत्या दोन गोष्टी जुळल्या नाहीत ते सांगायचा नाही. हातानं शोधलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण केतकी बापाचीच लेक.

“आता मॅक्रोच सांगन,” ती म्हणाली. “अन् चूक तुमच्या कागदात निघाली त?”

“त महिनाअखेरच्या सभेत कबूल करीन, का माह्या शेऱ्यापायी लोकाइले फुकटच्या चकरा झाल्या. तुही निघाली त?”

“त मी सगळ्याइसमोर माफी मागीन.”

तीस तारखेपर्यंत फॉर्म गेला नाही तर पेन्शन अडणार होती. केतकीच्या आईनं, रत्नप्रभाबाईंनी, दोघांनाही शहाणपण शिकवून पाहिलं आणि नाद सोडला.

केतकीनं मॅक्रो सुधारला. तपासणी फसली की डावीकडची किंमत आणि उजवीकडची किंमत, म्हणजे ताडून पाहिलेल्या दोन्ही नोंदी, दाखवायच्या. बदल लायब्ररी सांभाळणाऱ्यांकडे गेला. परदेशातल्या एका तपासनिसानं कळवलं की याची गरज नाही, चांगला प्रोग्रॅमर शोधून काढतो. केतकीला त्यात थेट तहसील कार्यालय दिसलं. तिनं बाबांची कहाणी शेऱ्यासकट लिहून पाठवली. तो हसला असावा, कारण पुढचं उत्तर नरम होतं. त्यात एकच खोट काढली होती: तुझा मॅक्रो किंमत तपासायला एकदा काढतो आणि दाखवायला पुन्हा काढतो, मधल्या मध्ये ती बदलली तर? केतकीनं जीभ चावली. किंमत एकदाच काढून बाजूला ठेवली, तीच तपासली, तीच दाखवली. अठ्ठावीस तारखेला बदल मंजूर झाला आणि तिला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाबांना मुद्दाम शेजारी बसवून प्रोग्रॅम चालवला.

‘तपासणी फसली. डावीकडे: १ जून १९५६. उजवीकडे: १४ सप्टेंबर १९५६.’

एक जून ही मास्तरांची कृपा. शाळेत नाव घालताना निम्म्या वर्गाचा जन्म त्यांनी त्याच दिवशी लावून टाकला होता, आणि सदाशिवरावांच्या सेवापुस्तकात तीच तारीख गेली. चौदा सप्टेंबर आधार कार्डावरची होती.

“आधारच्या वक्ती मी त बाकड्यावर बसलो होतो,” सदाशिवराव सावकाश म्हणाले. “टेबलाजवळ कोण गेलतं?”

केतकीचे कान तापले. तीच गेली होती. बाबांचा वाढदिवस कधीतरी खऱ्या दिवशी करता यावा, म्हणून आजीनं सांगितलेली तारीख तिनं मोठ्या प्रेमानं लिहून दिली होती.

सदाशिवराव उठले, पायात चपला सरकवल्या.

“मी बँकेत जाऊन हातानं फॉर्म भरतो. तू उद्या सभेत माफी माग. पण मोघम मागू नको. कोणती चूक, कोणाची, कायले झाली, सगळं सांगजो.”