बिनआवाजाचा कीबोर्ड

क्रांती दूध गॅसवरून उतरवून बाहेरच्या खोलीत आली, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘र’ धावत होता.

कुपवाडच्या एका वर्कशॉपचं कोटेशन टाइप करता करता ती उठली होती. तिनं बोट उचललं, पण बटण वर आलंच नाही. आता ओळीमागून ओळ, पानामागून पान नुसता र. तिनं बटण नखानं उचकटून पाहिलं, कीबोर्ड उलटा करून आपटला. अक्षर थांबेना. शेवटी तिनं खाली वाकून भिंतीतला स्विचच बंद केला आणि टेबलाखाली तशीच फरशीवर बसून राहिली.

हे तिनं आधी एकदा पाहिलं होतं. तिचा नवरा इंद्रजित गेला त्या दुपारी.

माधवनगरच्या याच खोलीत बसून तो कुपवाडच्या लहानसहान कारखान्यांची बिलं, कोटेशनं, कामगारांच्या नोटिसा करून द्यायचा. त्या दुपारी त्यानं चहा मागितला. ती कप घेऊन आली तेव्हा त्याचं डोकं कीबोर्डवर टेकलेलं होतं. डोळा लागला असेल म्हणून तिनं कप हळूच बाजूला ठेवला आणि मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. वर दिवाळीच्या सुट्टीची अर्धी नोटीस आणि खाली र, र, र. माणूस थांबला होता आणि अक्षर पळत होतं. तिनं त्याचं डोकं उचललं तेव्हा कुठे ते थांबलं.

पडद्याच्या कोपऱ्यात पानांचा आकडा होता. तो तिनं पाहिला आणि पाहायला नको होता. तेवढी पानं भरायला लागलेला सगळा वेळ ती आत आलं किसत होती. चहा चांगला उकळू दे, म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, लगेच आणला असता तरी काही सांगता आलं नसतं. लोकांनीही तेच सांगून समजूत घातली. पानांच्या आकड्याचं मात्र ती कुणाकडेच बोलली नाही.

गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून पुढे ती स्वतःच कामाला बसली. पाटणला माहेरी असताना ती टायपिंग शिकली होती, ते उपयोगी पडलं. त्याची खुर्ची देऊन टाकली, प्लास्टिकची आणली. कीबोर्ड तेवढा तोच राहिला.

आणि त्या कीबोर्डच्या खडखडाटानं मधल्या खोलीत सुलाबाई जाग्या व्हायच्या.

सुलाबाई तिच्या सासूबाई. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. कॉटवर पडल्या पडल्या त्या कानांनी घर बघायच्या. क्रांती कामाला बसली, की थोड्या वेळानं आतून हाक यायची, "इंद्रा, लय येळ बसलास रं. ऊठ, जेव दोन घास."

पहिल्यांदा हाक आली तेव्हा क्रांतीच्या अंगावर काटा आला. ती आत गेली, त्यांचा हात धरून म्हणाली, "आत्या, मी हाय." म्हातारीनं हात सोडवून घेतला. त्या दिवशी ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली आणि क्रांतीच्या तोंडून नुसतं "हं" गेलं, खालच्या आवाजात. कामात असला की इंद्रजित एवढंच म्हणायचा. त्या दिवशी सुलाबाईंनी सबंध भाकरी खाल्ली.

तेव्हापासून रोज दुपारी त्या घरात गेलेल्या माणसाला हाक मारली जायची आणि त्याच्या वतीनं बायको ओ द्यायची. कधी कधी "हं" म्हणून झाल्यावर क्रांती स्वतःच दचकून मागे वळून बघायची.

आज मात्र तो र पुन्हा पळताना पाहिला आणि तिला ते सोसेना. दुपारी तिनं दार ओढून घेतलं, शेजारणीला आत लक्ष ठेवायला सांगितलं आणि सांगलीची वाट धरली.

तारिकचं दुकान गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत होतं. तो इंद्रजितचा शाळेतला दोस्त. त्यानं तिला स्टूल पुढे केलं.

"बसा, वहिनी. काय पायजे?"

"कीबोर्ड. बिनवायरचा. मला त्या टेबलाशी बसायचं न्हाई आता. भिंतीकडं दिवाण हाय, तिथनं काम झालं पायजे. आणि लय महागाचा नको."

तारिकनं दोन-तीन खोकी काढली. "तुमच्या मशीनला ब्लूटूथ न्हाई, मीच जोडून दिलीय ती. तवा ब्लूटूथवाला नेऊन उपयोग न्हाई. ह्यो बघा, ही नखाएवढी पिन मागं लावायची, झालं."

पहिला कीबोर्ड अगदी सुटसुटीत होता, स्वस्तही होता. पण उजव्या बाजूचे आकडेच नव्हते. बिलं करायची तर आकडे हवेतच. दुसऱ्याच्या बटणांतून निळा उजेड येत होता. तारिकनं त्यावर बोटं फिरवली तसा टकटक आवाज दुकानभर झाला.

क्रांतीनं काउंटरवरचा हात मागे घेतला. "आवाज न करणारा हाय का?"

तारिकनं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग खालच्या कप्प्यातून काळा, चपटा कीबोर्ड काढला. "हा बघा. आकडे हायत. दोन बारके सेल लागतात, ते लय दिवस जातात. मराठी अक्षरं छापलेली न्हाईत, पण स्टिकर देतो. नावाजलेल्या कंपनीचा न्हाई, म्हणून तर स्वस्त हाय. काम चोख देतोय."

तिनं बटणं दाबून पाहिली. भिजलेल्या मातीत बोट रुतावं तशी ती मुकाट खाली जात होती.

"आणि चिकटत बी न्हाई," म्हणत तारिकनं पिन दुकानातल्या कॉम्प्युटरला लावली आणि दाखवायला म्हणून एक बटण दाबून धरलं. पडद्यावर तेच ते अक्षर पळायला लागलं.

"नको!" क्रांती केवढ्यानं तरी ओरडली. शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

तारिकनं चटकन बोट उचललं. "वहिनी, बटण सुटतंय का तेवढंच दावत हुतो."

"व्हय. कळलं मला. हाच द्या."

नवा कीबोर्ड घरी आला. क्रांती दिवाणावर भिंतीला टेकून बसली, मांडीवर कीबोर्ड घेतला आणि कामाला लागली. बोटं चालत होती, अक्षरं उमटत होती, आवाज काही नव्हता. दुपार झाली. आतून हाक आली नाही. तिला हायसं वाटलं. मग लक्षात आलं, की हाकेच्या वेळेला आपली बोटं आपोआप थांबली होती.

ताटातली भाकरी उरायला लागली. "तोंडाला चव न्हाई," सुलाबाई म्हणायच्या. कॉटवर त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. घर एवढं गप्प झालं, की मोरीतल्या नळाचा थेंब पडलेला ऐकू यायचा. क्रांतीला जुन्या कीबोर्डची भीती वाटत होती, आता या शांततेचीही वाटायला लागली.

एका दुपारी कॉट करकरली. भिंत धरून, पाय ओढत सुलाबाई बाहेरच्या खोलीत आल्या. क्रांतीनं श्वास रोखला. म्हातारीनं टेबल चाचपलं, प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ चाचपली, मग बसायची जागा. तिथं कुणी नव्हतं.

"हितंच कुटं तरी हायस न्हवं?" त्या म्हणाल्या.

"कोण, आत्या?"

"कोण म्हंजे? तूच की. इंद्रा न्हाई एवढं कळतंय मला."

क्रांती उठली, त्यांना धरून दिवाणावर बसवलं. "तुमाला ठावं हुतं?"

"त्यो बडवायचा. बटणं फुटत्यात का काय असं वाटायचं. तू हळू मारतीस, मदी मदी थांबतीस. पैल्या दिसापास्नं ठावं हाय."

"मग तुमी हाक कशापायी मारायचा त्यास्नी?"

सुलाबाई लुगड्याचा काठ बोटांत घोळवत राहिल्या.

"त्या दिशी आवाज थांबला हुता. मला ऐकू आलं थांबल्यालं. म्हनलं, जरा टेकला आसंल, टेकू दे. हाक मारली न्हाई मी." त्यांनी तोंड फिरवलं. "तवा न्हाई मारली, म्हून आता मारत हुते. आन तू हं म्हनायचीस. तेवढं ऐकलं की घास उतरायचा."

क्रांतीनं पदर तोंडाशी धरला. मग तिनं सगळं सांगितलं. पडद्यावरचा र, पानांचा आकडा, आलं किसत उभी असलेली ती स्वतः. सुलाबाई ऐकत राहिल्या. "आत्या, चहा लवकर नेला असता तर," असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"दोगीबी घरातच हुतो," त्या एवढंच म्हणाल्या.

उन्हाची तिरीप दिवाणावरून खाली फरशीवर उतरली. कुठल्या तरी गिरणीचा भोंगा झाला.

"आता काय लिवत हुतीस?" सुलाबाईंनी विचारलं.

"जयराज पवारांचं कोटेशन. पिठाच्या चक्कीचं सामान."

"वाच बगू."

क्रांतीनं डोळे पुसले आणि पडद्यावरून वाचायला लागली. "पुली, दोन नग. व्ही बेल्ट, चार नग..."

"बेल्ट म्हंजे?"

"पट्टा. मोटार फिरली की त्याच्यावर चक्की फिरती."

"आन फुडं?"

"फुडं तारीख टाकायची राहिलीय."

"टाक की मग."

क्रांतीनं कीबोर्ड मांडीवर ओढला. सुलाबाईंनी मान कलती करून कान तिच्या बोटांजवळ आणला. ती तारीख टाकत होती. ऐकू काहीच येत नव्हतं, तरी म्हातारीनं कान मागे घेतला नाही.