मदर ऑरेलियाचं चंद्रजल

"नाही!" मदर ऑरेलियानं पाकिटातला कागद डोक्यावर धरून आरोळी ठोकली आणि अग्निशमन दलाचा हॉल टाळ्यांनी दणाणला. याच हॉलमध्ये दर शुक्रवारी आमचं एल्डरबी गाव तळलेले मासे खायला जमतं. पण माशांसाठीसुद्धा एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. विस्कॉन्सिनच्या तीन परगण्यांतल्या गरोदर बाया, त्यांच्या आया, सासवा, आणि बाहेर पार हमरस्त्यापर्यंत पिकअप गाड्यांची रांग.

चमत्कार असा होता. दिवस भरत आले की दवाखान्यात बाईची एक तपासणी होते. अंगात बी गटाचा स्ट्रेप जंतू आहे का? चार-पाच जणींत एकीच्या असतो. तिला त्याचा त्रास सहसा होत नाही, पत्ताही नसतो. पण बाळ बाहेर येताना तो बाळाला लागला तर न्यूमोनिया होतो, रक्तात विष पसरतं, मेंदूज्वर होतो. म्हणून कळा सुरू झाल्या की बाईला सलाइनमधून पेनिसिलिन देतात.

मदर म्हणायची, सुई कशाला? लसणाची पाकळी नको त्या ठिकाणी ठेवा आणि पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेल्या 'चंद्रजला'नं तीन दिवस धुवा. चौथ्या दिवशी ती पडद्याआड एकदा शेवटचं धुऊन स्वतःच्या हातानं नमुना घेई, शहरातल्या खऱ्या प्रयोगशाळेत पाठवी आणि रविवारी सर्वांदेखत पाकीट फोडी. दवाखान्यानं 'जंतू आहे' म्हणून सांगितलेल्या आजवर एकवीस जणी, एकवीस वेळा 'नाही'.

"भय हाच जंतू आहे, बाळांनो," ती डोळे मिटून म्हणे. "भय गेलं की जंतू बॅग भरून निघतो."

जंतूला बॅग असते हे मला ठाऊक नव्हतं. मी लोर्ना टॉलफ्सन, दूधसंघाच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं दुधातले जंतू शोधण्यात घालवली. बॅगवाला एकही दिसला नाही.

आजचा बाविसावा कागद माझ्या भाचीचा, ब्रिटाचा होता. ती पोट सांभाळत, हसत माझ्याकडे आली.

"झालं ना समाधान, आत्या? आता मी मदरच्या घरीच बाळंत होणार. सुई नाही, सलाइन नाही."

"आणि बाळाला काही झालं तर?"

"तुला ना, दुधात माशी दिसल्याशिवाय चैनच पडत नाही!"

माशी मला दिसली होतीच. नमुना घेताना मी पडद्याआड ब्रिटाचा हात धरून उभी होते. चंद्रजल माझ्या बोटांवर सांडलं. निळसर, चिकट. वरून लॅव्हेंडरचा घमघमाट, पण खाली दुसरा वास, माझ्या ओळखीचा. दूध काढायच्या आधी गायीची सडं ज्यात बुडवतात, ते जंतुनाशक! आमच्याकडे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं की सड नीट न पुसता नमुना घेतला आणि त्या औषधाचा थेंब बाटलीत पडला, तर गाय कितीही आजारी असो, तपासणी स्वच्छच येणार. संघात असा नमुना आला की मी तो फेकून द्यायची आणि शेतकऱ्याची कानउघाडणी करायची.

मी ब्रिटाकडची चंद्रजलाची बाटली मागून घेतली आणि तिच्या बापाच्या, म्हणजे माझा भाऊ हार्लनच्या गोठ्यावर गेले. हार्लननं लिलावात घेतलेल्या डचेस गाईची कास सुजली होती. जंतू तोच निघाला होता, बी गटाचा स्ट्रेप. गाईंत आता तो क्वचितच सापडतो, पण हार्लनचं नशीबच तसं.

"डचेसला चंद्रस्नान घालतेस?" हार्लननं विचारलं. "मंत्र मी म्हणू का?"

"तू गप्प बसलास तरी गुण येईल. आणि एक कर, पोरीला समजाव."

हसणं तिथंच थांबलं. "ऐकत नाही गं," तो म्हणाला. "माझं पहिलं नातवंड आहे, लोर्ना. मला झोप लागत नाही."

ब्रिटाशी मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "मदरनं बरं केलंय ना? मग चार दिवस काही लावू नकोस, धुऊ नकोस, आणि दवाखान्यातल्या नर्सकडून नमुना घे. पुढून आणि मागून, दोन्हीकडून. पाकीट तूच फोड." तिनं नाक मुरडलं, पण गेली.

पुढच्या रविवारी मी तीन काचेच्या बश्या घेऊन हॉलमध्ये उभी राहिले. पहिल्या बशीत डचेसच्या दुधातले जंतू वाढू दिले होते, ती त्यांच्या ठिपक्यांनी भरलेली. दुसरीत तेच दूध, पण नमुन्याच्या बाटलीत चमचाभर चंद्रजल टाकलेलं. बशी लख्ख. तिसरीत, डचेसची कास तीन दिवस चंद्रजलानं धुऊन, नीट पुसून काढलेलं दूध. पुन्हा ठिपकेच ठिपके.

मागून हार्लन ओरडला, "म्हणजे गाय नाही बरी झाली, बाटली बरी झाली!"

अर्धा हॉल हसला. तो अर्धा गोठ्यात काम करणारा होता.

मदर उसळली. "आईची तुलना जनावराशी? लाज वाटत नाही?"

"जनावराला लावायचं औषध तुम्ही आयांना लावलंत," मी म्हटलं, "आणि लाज मला वाटू दे?"

तेवढ्यात ब्रिटा उठली. पाकीट तिच्या हातात होतं. तिनं ते फोडलं, वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"आहे," ती म्हणाली. "जंतू आहे."

"तू शंका घेतलीस, म्हणून तो परत आला!" मदर म्हणाली.

"तो गेलाच नव्हता," मी म्हटलं. "त्याचं घर आतड्यात आहे. तिथं ना लसूण पोचली, ना तुमचं पाणी. तुम्ही अंगण झाडलंत, अंगणातूनच नमुना घेतलात आणि घर साफ झालं म्हणून टाळ्या घेतल्यात."

"माझ्या हातून चौदा बाळं जन्मली! सगळी ठणठणीत!"

"जन्मणारच. जंतू असलेल्या दोनशे बायांनी काहीच केलं नाही, तरी एकशे नव्व्याण्णव बाळं ठणठणीत असतात. तुमची चौदा त्यांतलीच. राहिलेलं एक माझं होतं."

गावात हे फार कुणाला माहीत नव्हतं. "एकोणीसशे त्र्याहत्तर साल. तीस तास जगला माझा मुलगा. श्वासागणिक कण्हायचा. तेव्हा ही तपासणी नव्हती, सलाइन देत नव्हते. मी कुणाला दोष देणार? कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आज ठाऊक आहे. पेनिसिलिन दिलं तर दोनशेत एक नव्हे, चार हजारांत एखादंच बाळ आजारी पडतं. हे ठाऊक असताना जी बाई माझ्या भाचीला दवाखान्याच्या दारातून मागे ओढते, तिला मी मदर म्हणणार नाही. हाकला मला हॉलमधून, हवं तर."

कुणी हाकललं नाही. ब्रिटा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "आत्या," ती हळूच म्हणाली, "दवाखान्यात तू येशील ना?"

नऊ दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या. दारातच तिनं नर्सला सांगितलं, "मला जंतू आहे, आधी सलाइन लावा." सहा तासांनी मुलगी झाली. दोन दिवस आम्ही तिचा श्वास ऐकत बसलो. शांत, एकसारखा. मी रडले, ते कुणापासून लपवलं नाही.

ऑरेलियाबाईंनी शेजारच्या परगण्यात नवा हॉल घेतल्याचं ऐकते. मीही जाणार आहे, बश्या घेऊन. तुमच्या गावात ती दुसऱ्या नावानं येईल. तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी विचारा, नमुना कुणी घेतला? कुठून घेतला? घेण्याआधी काय लावलं होतं? आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांची नावं कुठं आहेत? विचारल्यानं जंतू परत येत नाही. न विचारल्यानं जे मूल जातं, ते मात्र परत येत नाही.