परत येणारी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंग पिकल्या जांभळाचा, दारे चार, छपरावरचा चकाकता थर उन्हाने सोललेला. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना आपल्या मोडतोडीविषयी बोलावे, असा प्रघात आहे. माझी अडचण अशी, की मी कधी मोडलेच नाही. मला परत नेण्यात आले, आणि तेही वारंवार. मोडलेल्या वस्तूला निदान भंगारात विसावा तरी मिळतो.

ओहायोतल्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली आणि आर्कान्सातल्या, कापूस आणि कोंबड्या यांवर जगणाऱ्या एका लहान गावी मी आले. माझी पहिली मालकीण मिस विल्हेल्मिना केट्स ही लॅटिनची निवृत्त शिक्षिका होती. गाडी चालवताना ती तत्त्वज्ञानावरची व्याख्याने लावून ठेवी. लोखंडाला नीतिशास्त्र ऐकवणे हा तिचा एकमेव चैनीचा प्रकार. माझे तेल वेळेवर बदलले जाई आणि गाडी थांबवल्यावर ती माझ्या चाकावर थोपटून म्हणे, "शहाणी गं माझी." पुढे तिचे डोळे अधू झाले, मग ती गेली, आणि तिच्या पुतण्याने मला लिलावात काढले. माझ्या आयुष्यातले सुखाचे प्रकरण येथे संपते. सुखाची प्रकरणे आखूडच असतात, हेही मी त्या व्याख्यानांतूनच शिकले होते.

लिलावात मला लायल टॅकेट नावाच्या गृहस्थाने घेतले. महामार्गालगत त्याचे जुन्या गाड्यांचे आवार होते आणि त्यावर मोठी पाटी होती: 'पत बिघडली? देव क्षमा करतो, आम्हीही करतो.' लायल चर्चमध्ये पदाधिकारी होता. किल्ली देण्यापूर्वी तो गिऱ्हाइकाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेई आणि माझ्या टपावर मान झुकवून प्रार्थना करी. त्या प्रार्थनेत खोट होती, असे मी म्हणणार नाही. तिचा व्याजदराशी काही संबंध नव्हता, एवढेच.

बँकेने दारात उभे न केलेली माणसे त्याच्याकडे येत. गिऱ्हाइकाने पहिल्या दिवशी जी रोख रक्कम मोजायची, तेवढ्यातच माझी लिलावातली किंमत वसूल होई. मग आठवड्याचे हप्ते सुरू होत, आणि ते शुक्रवारी, प्रत्यक्ष येऊन, रोख भरायचे असत. माझ्या सुकाणूचक्राखाली, चालकाच्या पायांजवळ, त्याने एक काळी डबी बसवली होती. हप्ता जवळ आला की ती रातकिड्यासारखी टिरटिरे. हप्ता चुकला की लायल आपल्या खुर्चीतून एक बटण दाबी आणि मी जिथे असेन तिथे मुकी होई. मग मला ओढून आणत, धूत, आणि पुन्हा पाटीखाली उभी करत. मला विकणे हा त्याचा धंदा नव्हता, मित्रांनो. मला परत आणणे हा धंदा होता. छपरे शाकारणारा एक कामगार, एक नवविवाहित जोडपे, एक शिपाईगडी... प्रत्येकाला वाटे, आपणच तेवढे कमी पडलो. मागच्या काचेवर कुणाच्या तरी लेकराने चिकटवलेले बदक अजून आहे. ते खरवडून निघत नाही.

अशा वेळी जोनेल हाइटॉवर आली. ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे न्हाणेधुणे, खाणेपिणे बघे. ही तिची पहिली गाडी. तिला गाडी हवी होती ती आईसाठी. अर्नेस्टिनची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला शेजारच्या शहरातल्या केंद्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. सरकारी व्हॅन कधी येई, कधी येत नसे. ती दोनदा लागोपाठ आली नाही, तेव्हा अर्नेस्टिनच्या फुप्फुसांत पाणी भरले. डॉक्टरांनी जोनेलला सांगितले की पुन्हा असे झाले तर कदाचित तिला वाचवायला वेळच मिळणार नाही.

लायलने संगणकाच्या पडद्याकडे पाहिले.

"मिस जोनेल, तुमच्या नावावर विजेची थकबाकी दिसते. जुनी आहे."

"माझ्या? मी तर आईकडेच राहते."

"वर्ष बघून मलाच हसू आलं. तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या असाल. लवकरच संसाराला लागलात म्हणायच्या!"

जोनेल हसली नाही. तिला तत्क्षणी कळले. त्या गावात आईबापांच्या नावावरची वीज तोडली, की पुढची जोडणी लेकराच्या नावावर घेतात, कारण लेकराचे नाव कोरे असते. सगळे घेतात, बोलत कुणी नाही. वारसाहक्कावर विद्वानांनी भिंतीएवढे ग्रंथ रचले आहेत. ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नसते, ते मुलांकडून आगाऊ घेतात, हा नियम मात्र कुणाच्या तळटीपेतही आढळत नाही.

माझ्या किमतीच्या तिप्पट रकमेवर तिने सही केली. प्रार्थना झाली. आईला त्या थकबाकीविषयी तिने एक अक्षरही सांगितले नाही.

त्यानंतरचे महिने मी अभिमानाने आठवते. जोनेल व्हिनेगरच्या पाण्याने माझ्या काचा पुसे. अर्नेस्टिनसाठी मागच्या आसनावर एक फुलाफुलांची उशी कायमची ठेवलेली असे. सुया टोचलेला हात परतताना तिच्यावर टेकवायचा.

"गाडी बघ कशी गुणगुणते," अर्नेस्टिन म्हणे, "चर्चमधल्या सिस्टर मेबलसारखी. सूर नाही, पण थांबत नाही."

"मेबलचं पेट्रोल तरी स्वस्त असेल."

"छे गं! तिला जेवायला बोलावून बघ एकदा."

डबी टिरटिरू लागली, की अर्नेस्टिन मागून म्हणे, "तुझा किडा ओरडतोय, बाळा." आणि जोनेल म्हणे, "ओरडू दे. शुक्रवारी त्याला खायला घालू."

आता तो शुक्रवार. वृद्धाश्रमातले काम आटोपून, पगाराचा धनादेश वटवून जोनेल आवारात पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. पाटीवर सहापर्यंतची वेळ होती, आणि फाटकाला कुलूप. शरद ऋतूत, गावच्या शाळेचा फुटबॉलचा सामना घरच्या मैदानावर असेल, त्या शुक्रवारी सगळा बाजार चारलाच बंद होतो. हे कुठे लिहिलेले नसते, कारण ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्या गावात नसतो. जोनेलला ठाऊक नव्हते असे नाही. ती विसरली. शाळेत असल्यापासून शुक्रवारी संध्याकाळी तिने काम केले होते, सामने तिने कधी पाहिलेच नव्हते. दूर मैदानावरच्या दिव्यांचा उजेड आकाशात चढला होता आणि ढोल वाजत होते. तिने फोन केला. तो नुसता वाजत राहिला. उद्या आईला घेऊन परतताना भरू, असे म्हणून तिने पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले.

शनिवारी पहाटे मी सुरू झाले, कारण लायल अजून झोपला होता. आम्ही केंद्रावर पोचलो. अर्नेस्टिनचे रक्त यंत्रातून फिरत होते, त्याच सुमारास लायल आपल्या खुर्चीत येऊन बसला. ती बाहेर आली तेव्हा थंडीने तिचे दात वाजत होते. जोनेलने तिला मागे बसवले, हाताखाली उशी सरकवली, किल्ली फिरवली.

मी मुकी होते. माझ्या टाकीत इंधन होते, तेल स्वच्छ होते, एकही तार तुटलेली नव्हती. जोनेलने लायलला फोन लावला.

"मिस्टर लायल, गाडी सुरू होत नाही."

"हप्ता आला नाही, मिस जोनेल."

"मी काल साडेपाचला आले होते. पाटीवर सहा लिहिलंय."

"काल घरचा सामना होता, बाई. अख्ख्या गावाला ठाऊक असतं."

"पैसे आत्ता माझ्या पर्समध्ये आहेत. गाडी सुरू करा, सरळ तुमच्याकडेच आणते."

"तुम्ही पैसे आणा, मी लगेच सुरू करतो."

"पण आणू कशी?"

"ते मी कसं सांगणार? तुमच्यासाठी प्रार्थना मात्र नक्की करतो."

पहिले दुसऱ्यावर टेकलेले आणि दुसरे पहिल्यावर, याला तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. महामार्गालगतच्या व्यवहारात त्याला करार म्हणतात, आणि खाली सही असते.

माझी उष्णता ओसरत गेली. जोनेल मागे जाऊन आईला चिकटून बसली, आपला कोट तिच्या पायांवर घातला. ज्यांना फोन केले ते सगळे कामावर होते, कोंबड्यांच्या कारखान्यात शनिवारीही पाळी असते.

"तुझं नाव चांगलं असतं, तर बँकेने दिली असती गाडी," अर्नेस्टिन म्हणाली.

"असती."

"ते दिव्यांचं... तुला कळलं का?"

"गाडी घेतली त्याच दिवशी."

"बोलली नाहीस."

"रॉयसमामाने फोन कुत्र्याच्या नावावर घेतला होता, आठवतं? कुत्रा मेला तरी बिलं येत होती. आपल्याकडे कुत्रा नव्हता, आई. मी होते."

अर्नेस्टिन इतकी हसली, की तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर तिने तोंड खिडकीकडे वळवले. काचेवर तिच्या श्वासाचे धुके धरले आणि बराच वेळ तसेच राहिले.

दुपारी एक वाहन आले, पण ते मला न्यायला. ओढगाडीच्या चालकाचे नाव क्लीव्ह. त्याने साखळी काढली आणि आतली माणसे पाहून टोपी हातात घेतली.

"मिस अर्नेस्टिन, माझ्या गाडीत पुढे बसा. तिथे ऊब आहे. मला पाठवलंय, मी काय करू?"

"क्लीव्ह, तुझ्या आजीच्या मयताला मी हॅम भाजून आणलं होतं."

"हो, मॅम. चांगलं झालं होतं."

तो साखळी लावत राहिला.

अशा रीतीने मायलेकी पुढच्या गाडीत बसून निघाल्या आणि त्यांची गाडी, म्हणजे मी, पुढची चाके हवेत धरून त्यांच्यामागे लोंबकळत गेले. आवारात पोचताच जोनेलने पर्स उघडून पैसे मेजावर ठेवले. लायलने ते सौजन्याने परत सरकवले. आता ते पुरत नव्हते. मला ओढून आणण्याचा खर्च त्यांत वाढला होता, आणि त्याच ओढण्याने ती पैशांसकट तिथवर पोचली होती. तिने सोमवारपर्यंतची मुदत मागितली. लायलने खेदाने मान हलवली. तो खेद खरा होता, आणि म्हणूनच त्याला मोल नव्हते.

पुढच्या शनिवारी मी धुतलेली, पुसलेली, पाटीखाली उभी होते. एलिसेओ नावाचा, ग्वाटेमालाहून आलेला एक चाळिशीचा माणूस माझ्याभोवती फिरत होता. कोंबड्यांच्या कारखान्यात पहाटेची पाळी, जायला बस नाही. त्याची पत बिघडलेली नव्हती. ती कधी कुणी मोजलीच नव्हती. त्याचीही पहिली गाडी. सही झाली होती आणि टपावर प्रार्थना चालली होती, तेवढ्यात फाटकातून जोनेल पायी आली.

"माझ्या आईची उशी राहिली आहे आत," ती म्हणाली.

"अवश्य घ्या, मिस जोनेल," लायल म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू आम्ही कधी ठेवत नाही."

तिने उशी काढली. ती एलिसेओकडे वळली. लायल तिथेच उभा होता, तरी तिने आवाज खाली केला नाही.

"ही गाडी माझी होती. माझ्या आधी आणखी बऱ्याच जणांची होती. ते बदक माझं नाही."

एलिसेओने बदकाकडे पाहिले, मग हातातल्या किल्लीकडे. "पण मला कामावर जायचं आहे, ताई."

"माहीत आहे. म्हणून नीट ऐक. शाळेचा सामना घरच्या मैदानावर असेल, त्या शुक्रवारी हा चारलाच कुलूप लावतो. त्या आठवड्यात गुरुवारीच पैसे भर. सामन्यांची यादी पोस्टाच्या दारावर लावतात, ती फाडून घरी ने, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आणि थंडीत गाडी सुरू केलीस की जरा थांब, लगेच पळवू नकोस. गाडीत काही खोट नाही."

लायलला काहीतरी बोलायचे होते, पण यातले काहीच खोटे नव्हते.

"आईला कसं नेता आता?" एलिसेओने विचारले.

"व्हॅन येते. मंगळवारी आली. गुरुवारी नाही आली."

"आणि आज?"

"आज पहाटेही नाही. केंद्रावर विचारलं. तीनपर्यंत पोचलात तर यंत्राजवळची खुर्ची देतो म्हणाले."

एलिसेओने माझे पुढचे दार उघडले आणि तिच्यासाठी धरून ठेवले. माझ्या आयुष्यात जोनेल पहिल्यांदाच चालकाशेजारी बसली. मांडीवर उशी. मी जरा थांबून निघाले, कारण तो जरा थांबला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे सांगून मी ही कहाणी संपवायला हवी. माझी निगा कधी कमी पडली नाही. मला धुतात, पुसतात, माझे तेल बदलतात, कारण मला पुन्हा विकायचे असते. तेव्हा माझी काळजी सोडा. तुमच्या घरी संध्याकाळी दिवा लागेल, तेव्हा तो कुणाच्या नावावर जळतो आहे, एवढे विचारा. आणि ज्या फाटकाने तुम्हाला ठेच लागली, त्याचे कुलूप किती वाजता पडते, ते पुढे येणाऱ्या माणसाला मोठ्याने सांगा.

आम्ही अर्नेस्टिनच्या दारी पोचलो तेव्हा ती पायरीवर कोट घालून बसली होती. तिने मला ओळखले. पायांजवळची डबी अजून गप्प होती.