गुरुवारची पाहुणी

“पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी काम द्या, उत्तराबाई. आणि काम चालू असताना मध्ये बोलू नका.” कॉलेजात तिच्या आधी फ्रेंच शिकवणाऱ्या मधुकररावांनी निवृत्त होताना बजावलं होतं. फ्रेंचच्या वर्गात उत्तराला पहिलं जमलं. दुसरं काही केल्या जमेना.

आताही काजल फळ्यापाशी उभी होती. प्रकल्प साधा: उत्तरा म्हणजे फ्रेंचखेरीज काही न कळणारी पाहुणी; तिला आपल्या घरचं एखादं काम दाखवायचं. काजल अडली की उत्तरा शब्द पुरवायची. शेवटी मागून रोहित म्हणाला, “प्रोजेक्ट काजलचा, अन् मॅडमच बोलून राहिल्या!” वर्ग हसला.

तास सुटल्यावर काजल टेबलापाशी आली.

“मॅडम, मी फ्रेंच सोडून राहिली. शनिवारपर्यंत विषय बदलता येते.”

“घरी कोणतं काम करतेस गं?”

“खाप्याले, आमच्या गावी, हातमाग आहे. बाबा विणतात, मी सुताच्या कांड्या भरते. इथं कसं दाखवू? माग काय बसमधी आणू?”

उत्तराला हसू आलं. कांडी कशी भरतात, तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

“मग पाहुणीच येईल तिकडे. कधी येऊ?”

“खरंच? गुरुवारी या. कॉलेजले सुट्टी आहे.”

“आले समज.”

संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिला आठवलं: गुरुवारी आपलं मौन. दिवस मावळेपर्यंत. माहेरापासूनचा दत्ताचा नेम; म्हणून तर त्या दिवशी ती तास घेत नसे.

“आई, फ्रेंच बोललं तर मौन मोडतं का हो?”

सासूबाई, भागीरथाबाई, वाती वळता वळता थांबल्या. “काहून? महाराजाले फ्रेंच समजत नाही का वं?”

“मग नाही म्हणून कळवू?”

“शब्द देतानी मले इचारलं होतं? अन् न बोलणाऱ्या पाहुणीले कोणी चहा देत नाही का?”

उत्तरा ज्योतीकडे पाहत राहिली. शब्द पुरवायला कोणी नसलं, तर ती पोरगी काय करेल?

तिनं फोन लावला.

“काजल, मी येतेय. पण माझं मौन असतं गुरुवारी. एक शब्दही बोलणार नाही.”

“एकबी नाही? मग मी चुकली तं?”

“तर चुकलीस.”

“या, मॅडम.”

गुरुवारी सकाळी दत्ताला फूल वाहून उत्तरा निघाली. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, “कुठं जायचं, ताई?”

तिनं तळहात पुढे केला. त्यावर निळ्या शाईनं लिहिलं होतं: खापा.