नगारटेकडीचा थांबा

यवतमाळच्या रजनीताई चिंचोळकरांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या एकाच इमारतीत गेली. त्यांचे यजमान श्रीकृष्णराव पाटबंधारे खात्यात होते. त्यांची नोकरी मात्र जीपमध्ये गेली. आज पांढरकवडा, उद्या महागाव, परवा धरणावर मुक्काम. घरी आले की जेवता जेवता ते तिकडच्या गोष्टी सांगायचे आणि ताई पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या.

त्यातली नगारटेकडीची गोष्ट ताईंना फार आवडायची. धरण भरलं तेव्हा खालची शेतं बुडाली, वाटा बुडाल्या, तांडे वर सरकले, पण ही टेकडी तेवढी पाण्यातून डोकं काढून उभी राहिली. तिच्या माथ्यावरून म्हणे पाण्याखालच्या जुन्या नदीचं वळण वेगळ्या रंगात दिसतं.

"मलेही न्या ना एकदा," ताई म्हणायच्या.

"तिथं बायकांसाठी काय आहे? काटे अन् गोटे."

दोघंही निवृत्त झाले, ताईंचा उजवा गुडघा बदलून झाला, आणि यंदाच्या दिवाळीनंतर पेपरात एक जाहिरात आली. नागपूरच्या 'निळाई' नावाच्या कंपनीनं त्याच धरणात एक छोटं जहाज सोडलं होतं. दोन रात्री पाण्यावर मुक्काम आणि तीन ठिकाणी किनाऱ्यावर उतरणं: जंगलातली पायपीट, बंजारा तांड्यावरची संध्याकाळ आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नगारटेकडीची चढाई. ताईंनी आधी फोन करून खोली घेतली आणि मग यजमानांना सांगितलं. महिनाभर त्या रोज पहाटे मैदानाला चकरा मारत होत्या. साडीवर घालायला जाड तळव्याचे बूटही आणले.

जहाज छान होतं. पांढरं, दुमजली, वर कापडी छत. खोलीच्या खिडकीतून बगळे दिसत. पण पहिल्या दिवशी दुपारी जंगलातल्या पायपिटीसाठी सगळे उतरले, तर समोर कुंपण घातलेली बाग निघाली. रंगीत फरशीची पायवाट वळून वळून एका दुकानात शिरत होती. दुकानात बांबूचे पेन आणि मधाच्या बाटल्या. लोक बाटल्या उलटसुलट करून पाहतात तोवर जहाजाची शिट्टी वाजली.

"जंगल कुठं आहे?" ताईंनी विचारलं.

"हेच की, मॅडम," व्यवस्थापक साकेत हसून म्हणाला. हा नागपूरचा तरुण मुलगा होता, बोलायला गोड. "मागं दिसतं ना, ते."

दुसऱ्या संध्याकाळी तांडा. तांडा म्हणजे किनाऱ्यावर तट्ट्यांच्या चार झोपड्या आणि शिंगं रंगवलेली सिमेंटची बैलजोडी. बैलांपाशी फोटो काढायला रांग लागली. स्पीकरवर गाणं लागलं, आरशांचे घागरे घातलेल्या तीन मुली एका गाण्यापुरत्या नाचल्या, आणि साकेतनं टाळ्या वाजवायला सांगितल्या.

एका झोपडीसमोर एक म्हातारी बाई कापडावर आरसे टाचत बसली होती. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण. ताई तिच्याजवळ जाऊन बसल्या. बाईची सुई कापडात जात होती, वर येत होती. थोड्या वेळानं ताईंच्या लक्षात आलं की सुईत दोराच नाही.

"दोरा काहून नाही हो?"

बाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "दोरा ओवला तं कापड भरून जाते, बाई. रोज नवीन कापड कोन देईन?" मग तिलाच हसू आलं आणि ताईंनाही.

तिचं नाव धनीबाई. खरा तांडा पलीकडच्या काठावर होता. तिथं तिचं घर होतं, कापूस होता, वर्षा नावाची सून होती. इथं ती संध्याकाळी शिवत बसायची आणि सकाळी जहाजावर पाहुण्यांना ज्वारीच्या भाकरी करून द्यायची.

"उद्या आम्ही नगारटेकडी चढणार," ताई म्हणाल्या.

धनीबाईचा हात थांबला. "मायं लगीन झालं तवा होळीले तिथं गेलती मी. आमचा नगारा वरतून वाजे, साऱ्या तांड्याले ऐकू जाये. मंग पानी आलं. तवापासून पाय नाई लागला माया." ती टेकडीच्या दिशेला बघत राहिली. "रोज दिसते. भाकरी करता करता दिसते."

त्या रात्री खोलीत ताई श्रीकृष्णरावांना म्हणाल्या, "दोन दिवस नुसते वाया गेले. पण उद्या तुमची टेकडी आहे." श्रीकृष्णरावांनी कूस बदलली.

सकाळी जहाज टेकडीसमोर येऊन थांबलं. धनीबाई खालच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ताई बूट घालून, काठी घेऊन सगळ्यांच्या आधी तयार होत्या. तेवढ्यात साकेत माईक घेऊन आला.

"मित्रहो, एक वाईट बातमी आहे. वारं वाढल्यामुळे आज टेकडीवर उतरता येणार नाही. तुमच्या सुरक्षेसाठीच. आपण इथूनच फोटो काढू आणि परत निघू."

काही जणांनी मोबाइल वर धरले. बोरी अरबचे धम्मरत्न बनसोड नावाचे निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी कांताबाई पलीकडच्या टेबलावर बसले होते. ते कपाळाला आठ्या घालून पाण्याकडे पाहू लागले. पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर होतं.

श्रीकृष्णराव उठले. "साकेत, पाण्याच्या कामात माझी सारी नोकरी गेली. वाऱ्याची एक लाट दाखव मले."

साकेतनं माईक बंद केला. "काका, समजून घ्या ना. दुपारी पुसदचं एक प्री-वेडिंग शूटिंग आहे. जहाज धक्क्यावर पाहिजे. टेकडीत तसंही काही नाही. काटे आणि दगड."

हे शब्द ऐकले आणि ताईंच्या आत काहीतरी खटकन् जागेवर बसलं. जन्मभर त्यांनी हेच ऐकलं होतं. त्या सरळ जिना उतरल्या. जहाजाला बांधलेल्या लहान होडीत देवराव नावाचा नावाडी बिडी ओढत होता. ताई साडी सावरून होडीत उतरल्या, आडव्या फळीवर बसल्या आणि काठी मांडीवर घेतली.

"मॅडम! हे काय?" साकेत वरून ओरडला.

"तुम्ही तीन ठिकाणं सांगितली होती. पहिल्या ठिकाणी दुकान निघालं, दुसऱ्या ठिकाणी सिमेंटचे बैल. तिसरं मी सोडत नाही. मी इथं बसली आहे. तुम्हाला जहाज न्यायचं तर न्या."

मग स्वयंपाकघराच्या दारातून धनीबाई आली. हाताचं पीठ तिनं ओढणीला पुसलं, घागरा जरा खोचला आणि कुणाला न विचारता होडीत उतरून ताईंच्या शेजारी बसली.

"धनीबाई, तुमचं काम?" साकेत म्हणाला.

"भाकरी झाल्या. टोपल्यात हायेत."

मागून कांताबाई उतरल्या, मग बनसोड सर. "आणखी लोक बसतील," सर वर पाहून म्हणाले, "पण होडीला दोन खेपा कराव्या लागतील." देवरावनं बिडी पाण्यात टाकली आणि साकेतकडे न बघता इंजिन चालू केलं.

श्रीकृष्णराव कठड्याला धरून उभे होते. ताईंनी हाक मारली, "या ना! तुमची टेकडी आहे."

"तू जा, रजनी." त्यांचा आवाज उतरला. "खरं सांगू? मी कधी वर गेलोच नाही. खालून पाहिली होती. वरचं सगळं लोकांकडून ऐकलेलं."

ताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग खदखदून हसल्या. "मंग मी पाहून येते. अन् तुम्हाला सांगते."

टेकडी लांबून गोल दिसायची, जवळून ती चांगलीच उभी होती. पायाखाली मुरूम घसरत होता. कुसळांनी साडीचा काठ भरून गेला. धनीबाई पुढं, ताई मागं, त्यांच्या मागं बनसोड दांपत्य. ताई आधी बरा पाय वर टाकत, मग काठी रोवत, मग नवा गुडघा ओढून घेत. थोडं चढलं की धावड्याच्या खोडाला धरून उभ्या राहत. पण थांबावंसं एकदाही वाटलं नाही.

अर्ध्यावर धनीबाईच थांबली. समोर घाणेरीचं रान माजलं होतं, माणसाच्या डोक्याइतकं उंच. ती डावीकडे गेली, परत आली, उजवीकडे गेली. मग एका दगडावर मटकन बसली.

"वाट नाई राह्यली, बाई. इथूनच होती. बुजली सारी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी उगाच आली. काई नसन आता वर."

ताई धापा टाकत तिच्याजवळ उभ्या राहिल्या. त्यांनाही वाट माहीत नव्हती. पण खाली बघायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून त्या वर बघत होत्या. घाणेरीच्या कडेला एका ठिकाणी गवत दबलं होतं, कुणीतरी नेहमी तिथून जात असावं तसं.

"इथून कोण जातं?"

धनीबाईनं डोळे पुसून पाहिलं. जमिनीवर नीलगाईच्या लेंड्या पडल्या होत्या. "रोही," ती म्हणाली. "रातच्याले पोहून येते इकडं, चरायले."

"रोही जाते तं आपण नाही जाणार?"

ताईंनी काठीनं फांद्या बाजूला केल्या आणि त्या पहिल्यांदा पुढं झाल्या. काटे दंडाला ओरबाडत होते. एका ठिकाणी खडक इतका उंच होता की ताईंचा पायच पोचेना. धनीबाई आधी चढली, वरून तिनं दोन्ही हात दिले, खालून कांताबाईंनी खांदा लावला आणि "हं, बाई, हं!" करत तिघींनी मिळून तो खडक पार केला.

आणि अचानक चढ संपला.

माथा मोकळा होता. मधे एक रुंद, सपाट दगड होता. धनीबाई धावतच त्याच्याकडे गेली. खाली बसून तिनं त्याच्यावर हात फिरवला, मग कपाळ टेकवलं. चारी बाजूंनी पाणी होतं, निळं, दूरच्या सागाच्या रानापर्यंत पसरलेलं. खाली जहाज खेळण्याएवढं दिसत होतं आणि त्याच्या कठड्याशी एक पांढरा ठिपका हात हलवत होता. जुन्या नदीचं वळण काही ताईंना दिसलं नाही. पाण्याचा रंग सगळीकडे एकच होता. त्याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

धनीबाईनं कनवटीचा मोबाइल काढला.

"वर्षा! कुठं हायेस? देवळात जाय. नगारा हाय ना, तो वाजव. अगं, मी टेकडीवर हावो! खोटं कायले बोलू? वाजव तू!"

थोडा वेळ नुसता वारा. मग पलीकडच्या काठावरून, पाण्यावरून सरकत, तो आवाज आला. आधी एक ठोका, मग दोन, मग सलग घुमणारा नगारा. धनीबाई दगडावर उभी राहिली, कानावर हात ठेवला आणि होळीची लेंगी म्हणू लागली. हिवाळ्यात होळीचं गाणं! पण तिचा आवाज असा काही सुटला, की मागून दुसऱ्या खेपेला चढून आलेले लोक जागच्या जागी थबकले. कुणी फोटोचं नावही काढलं नाही. कांताबाईंनी तिचा हात धरला आणि फेर धरला. ताईंनी काठी गवतात टाकून दिली आणि त्याही फेरात शिरल्या. गुडघा दुखत होता. दुखू दे.

जहाज धक्क्याला लागलं तेव्हा उन्हं कलली होती आणि नवरानवरी मेकअप करून खोळंबली होती. सगळ्यांदेखत साकेत धनीबाईला म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

"मी तं आजच सोडलं," धनीबाई म्हणाली. तिनं पिशवीतलं सुई टोचलेलं ते कापड त्याच्या हातात दिलं आणि देवरावच्या होडीत बसून ती घरी निघून गेली. बनसोड सरांनी साकेतला बाजूला घेतलं आणि अत्यंत शांतपणे, वर्गातल्यासारखं, झाल्या प्रकाराबद्दल सुनावलं.

पंधरा दिवसांतच ताई यवतमाळहून ओळखीच्या बायकांची एक गाडी भरून घेऊन आल्या. जहाजाकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. देवराव आणि त्याच्या भावानं आपापल्या होड्या आणल्या, वर्षानं खऱ्या तांड्यावर जेवण केलं, आणि तिनं व धनीबाईनं घाणेरी तोडून केलेल्या वाटेनं सगळ्याजणी वर गेल्या. त्यानंतर दारव्ह्याचा गट आला, मग महागावचा. धनीबाईची दमछाक होऊ लागली, म्हणून वर्षा लोकांना वर नेऊ लागली.

संक्रांतीला ताई तांड्यावरच होत्या. अंगणात बसून दोघी तिळाच्या वड्या खात होत्या, तेवढ्यात धनीबाईचा फोन वाजला. साकेत होता. जहाजावरचे पाहुणे रोज टेकडीचंच विचारत होते. त्यांना वर न्यायला ती येईल का?

धनीबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पाय पसरले.

"येईन ना. पन माया काई गोष्टी हायेत. सिमेंटचे बैल पहिले काढून टाक. शिट्टी वाजवाची नाई. अन् वर कोनी बसून राह्यलं, तं ते उठेपर्यंत खाली जहाज थांबन. जमते?"

पलीकडून साकेत वेळापत्रकाचं काहीबाही सांगत राहिला आणि शेवटी कबूल झाला. धनीबाईनं तेवढ्यात एक वडी तोंडात टाकली.

"हां," ती म्हणाली, "मंग आता नीट सांग, किती लोक हायेत?"